सगळ्यांचं बघता बघता माझी सुट्टी राहूनच जाईल का?

"ताई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे आठ जण सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला निघालोय. पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. आम्ही दोघं, मुलगा (२२), सासूबाई (७६, गुडघ्यांचा त्रास), दीर-जाऊ आणि त्यांची मुलं (मुलगी ११, मुलगा ८). चार केबिन घेतल्यात, नंबर अजून निवडायचेत. मी सासूबाईंच्या केबिनमध्ये राहायचं, 'सोबतीला', असं ठरलंय. ह्यांनी एक्सेलमध्ये सकाळी सहा ते रात्री अकराचं वेळापत्रक बनवलंय, कारण पैसे वसूल व्हायला हवेत. सासूबाईंना घाटात गाडी लागते, त्यामुळे बोट लागणारच, असं त्यांनी आतापासून जाहीर केलंय. शिवाय कार्तिकी एकादशी मध्येच येतेय. जाऊबाई म्हणतात, भरले तेवढे पैसे पुरत नाहीत, वर बरेच लागतात. सगळ्यांना उत्तरं माझ्याकडूनच हवीत. क्रूझचा पुरेपूर आनंद कसा घ्यायचा ते सांगा. आणि खरं विचारू? सगळ्यांचं बघता बघता माझी सुट्टी होणार आहे का?"
एक वाचक, सांगली

नमस्कार,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे त्याच्याच पोटात आहेत. होईल सुट्टी. फक्त ते जे 'ठरलंय' ना, ते आधी मोडावं लागेल.

बसच्या सहलीत आठ माणसं एकत्र बांधलेली असतात. एकाला उशीर झाला की सगळ्यांना उशीर. जहाजाचं तसं नाही. ते जुन्या वाड्यासारखं आहे: सगळे एका छपराखाली, पण ज्याचा त्याचा कोपरा वेगळा, आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघर तुमच्याशिवाय चालतं. मुलं पाण्याच्या घसरगुंडीवर, दीर कुठल्याशा बारमध्ये मॅच बघतायत, सासूबाई डेकवरच्या खुर्चीत, आणि कोणीही हरवलेलं नाही. हे जगातल्या फार थोड्या सहलींत जमतं. म्हणून माझा मुख्य सल्ला हा की दिवसभर एकत्र राहायचा हट्ट सोडा. रात्रीचं जेवण मात्र रोज आठही जणांनी एका टेबलावर.

आता केबिन. सासूबाईंच्या सोबतीला नातीला ठेवा. अकरा वर्षांची मुलगी आजीबरोबर खूश असते, रात्री काही लागलं तर हाक मारू शकते, आणि आजीला गोष्टी सांगायला हक्काचं माणूस मिळतं. शेजारची केबिन तुम्हा दोघांची घ्या. मधे उघडणारं दार असलेल्या जोडकेबिन बऱ्याच जहाजांवर असतात, बुकिंग करणाऱ्याकडे मुद्दाम मागा. तुमचा मुलगा आणि पुतण्या एकत्र, दीर-जाऊ चौथ्या केबिनमध्ये. लहान मुलांबरोबर किती वयाचं माणूस हवं याचे प्रत्येक कंपनीचे नियम असतात. कागदावर नावं वेगळी टाकावी लागली तर टाका. जहाजावर पोचल्यावर रिसेप्शनला विनंती केली की दुसऱ्या केबिनचं जास्तीचं कार्ड बहुधा मिळतं.

बाल्कनीचे पैसे चारही केबिनना घालू नका. तरुण मुलाला आणि आठ वर्षांच्या पोराला खिडकीविना आतली केबिन पुरते, ती दोघं झोपण्यापुरतीच तिथे येणार. बाल्कनी घ्यायची तर सासूबाईंसाठी घ्या. गुडघेदुखीच्या माणसाला दिवसातून चार वेळा वर-खाली करायला नको, समुद्र दारात येतो.

केबिनचा नंबर निवडताना जहाजाचा नकाशा समोर ठेवा आणि तीन गोष्टी बघा. एक, जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि शक्यतो खालच्या मजल्यांवर, कारण तिथे हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात. टोकाच्या केबिनना झोका जास्त. दोन, लिफ्टपासून चार-सहा दारं अंतरावर. सासूबाईंना कमी चालावं लागेल, आणि अगदी लिफ्टला लागून असली तर रात्री बारापर्यंत लोकांच्या गप्पा ऐकाव्या लागतात. तीन, वरच्या आणि खालच्या मजल्यावरही केबिनच असाव्यात. वर पोहण्याचा तलाव किंवा बुफे असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट तुमच्या उशीत. बाथरूमच्या दाराला बहुधा उंबरा असतो, तो सासूबाईंना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. सेलवर चालणारा छोटा दिवाही न्या, दिवे मालवल्यावर केबिनमध्ये मिट्ट काळोख असतो.

बोट लागण्याबद्दल सासूबाईंना एवढं सांगा की घाट आणि हा समुद्र यांत फरक आहे. तुमचं जहाज बराचसा वेळ मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाणार. एका बाजूला मलेशियाचा द्वीपकल्प, दुसऱ्या बाजूला सुमात्रा, त्यामुळे पाणी एरवी शांत. शिवाय मोठ्या जहाजांना दोन्ही बाजूंनी पाण्याखाली पंख असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. तरीही गोळी जवळ हवीच. घाटासाठी घेतो त्या नेहमीच्या गोळ्या चालतात, पण त्या मळमळ सुरू झाल्यावर नाही, आधी घ्यायच्या असतात, आणि त्यांनी झोप येते. शहात्तराव्या वर्षी झोपेत तोल जाणं हे मळमळण्यापेक्षा वाईट. काचबिंदू असेल तर यातल्या काही गोळ्या चालतही नाहीत. तेव्हा कोणती, किती आणि केव्हा, हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. बाकी उपाय साधे: पोट रिकामं ठेवायचं नाही, आल्याची वडी चघळायची, आणि अस्वस्थ वाटलं तर केबिनमध्ये आडवं होण्याऐवजी उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत बसायचं.

औषधांचंच निघालंय म्हणून. सगळ्यांची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत. कोणाच्या झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध असेल तर सिंगापूरला ते नेण्याआधी परवानगी लागते का, हे त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर बघा. आणि दिवाळीनंतर निघताय, म्हणजे फराळाचे डबे सोबत असणार हे मी न सांगता ओळखलं. खसखस सिंगापुरात न्यायला बंदी आहे, त्यांच्या लेखी तो अमली पदार्थांशी संबंधित माल. तेव्हा अनारसे घरीच राहू द्या, आणि करंजीच्या सारणात खसखस घातली असेल तर करंज्याही. च्युइंग गम आणि ई-सिगारेटही नाही, हे तुमच्या मुलाला वेगळं सांगा.

तसंही घरी शिजवलेलं अन्न जहाजावर चढवू देत नाहीत. कंपनीच्या सीलबंद पाकिटातला खाऊ सहसा चालतो. एकादशीसाठी राजगिऱ्याचे लाडू, खजूर, चिक्की अशी बंद पाकिटं घ्या. बाकीचं जहाजावर आहे: फळं, दूध, दही, उकडलेले बटाटे. साबुदाण्याची खिचडी मिळणार नाही, हे मात्र सासूबाईंना आत्ताच सांगून टाका. धक्का सांगलीत बसलेला बरा.

रोजच्या जेवणाची चिंता करू नका. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी इतके असतात की शाकाहारी पदार्थ रोज मिळतातच. जैन जेवण हवं असेल तर मात्र बुकिंगमध्येच नोंदवावं लागतं. पहिल्या रात्री मुख्य जेवणघरात ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल मागून घ्या, म्हणजे वाढपी रोज तोच राहतो. त्याला 'व्हेजिटेरियन' एवढंच सांगून भागत नाही. अंडं नको, मासे नको, फिश सॉस नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. हेड वेटरला भेटून दुसऱ्या दिवशी काय हवं ते आदल्या रात्री सांगितलं तर वरण-भाताच्या जवळपासचं काहीतरी नक्की येतं. चहाचं म्हणाल तर बुफेत गरम पाणी आणि दूध असतं, आपल्या चहाच्या पिशव्या आणि सुंठपूड न्या. घरची इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री नेऊ नका, तपासणीत काढून घेतात.

जाऊबाई बरोबर बोलतायत. तिकिटात राहणं, मुख्य जेवणघर, बुफे, बहुतेक कार्यक्रम, पोहण्याचे तलाव आणि मुलांचा क्लब येतो. दारू, बहुतेक जहाजांवर थंड पेयं आणि मशीनची कॉफी, खास रेस्टॉरंट, स्पा, इंटरनेट, फोटो आणि बंदरावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. आणि ज्याचा शेवटच्या दिवशी सगळ्यांना झटका बसतो ते म्हणजे सेवकांसाठीचं शुल्क. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत ते माणशी दिवसाला सुमारे १६ ते २० अमेरिकी डॉलर असतं, मुलांनाही लागतं, आणि आपोआप बिलात येतं. आठ जणांचे चार रात्रींचे पाचशे ते साडेसहाशे डॉलर झाले. ते आधीच भरलेत का, हे आजच बुकिंगवाल्याला विचारा.

जहाजावर रोख चालत नाही. केबिनचं कार्डच सगळीकडे टेकवायचं, हिशेब मागून. त्यामुळे खर्च होतोय हे जाणवतच नाही. व्हिडिओ गेमच्या दालनात आठ वर्षांचं पोरगं अर्ध्या तासात किती डॉलर उडवेल याचा अंदाज तुमच्या दिरांना नसेल. चढल्या चढल्या रिसेप्शनला जाऊन मुलांच्या कार्डावर खर्च बंद करून टाका किंवा मर्यादा घाला. बिल आपल्या क्रेडिट कार्डाने भरलंत तर बँक परकीय चलनाचा अधिभार लावते, म्हणून डॉलरचं फॉरेक्स कार्ड न्या. जहाजाच्या दवाखान्याचंही बिल येतं, तेही भरभक्कम. सासूबाईंच्या प्रवासविम्यात समुद्रप्रवास आणि आधीपासूनचे आजार धरलेत का, ते वाचा.

मोबाइल जहाज सुटायच्या आधी सगळ्यांनी विमान मोडवर टाकायचे, हा नियम कडक. भर समुद्रात फोन जहाजावरच्या उपग्रह टॉवरला जोडला जातो आणि त्याचे दर नेहमीच्या रोमिंगच्या पॅकमध्ये नसतात. वाय-फायचं एकाच फोनचं पॅकेज घ्या, आणि तो फोन तुमचा नको. ज्याच्या हातात नेट, त्यालाच सगळे विचारत येणार. एकमेकांना निरोप द्यायला साधी युक्ती सांगते. केबिनची दारं आणि भिंती बहुतेक जहाजांवर धातूच्या असतात. फ्रिजवर लावतो तसली चार-सहा लोहचुंबकं न्या, दारावर चिठ्ठी लावायची: "आम्ही तलावावर, सात वाजता जेवायला." हूक असलेली चुंबकं आणलीत तर ओले टॉवेलही टांगता येतात.

आता एक्सेल. तुमच्या यजमानांना दुखवायचं नाहीये, पण सहा ते अकरा हे वेळापत्रक दुसऱ्या दिवशी दुपारीच गळून पडेल. मोठ्या जहाजावर एका दिवसात इतकं काही चालू असतं की 'सगळं' कोणीच बघत नाही, तिथले कर्मचारीसुद्धा. पैसे वसूल करायचेच असतील तर प्रत्येकाने आपल्याला नक्की हव्यात अशा दोन गोष्टी लिहून द्यायच्या. सोळा नोंदी झाल्या. तेवढ्याच एक्सेलमध्ये, बाकीच्या रांगा पुसायच्या. रात्रीच्या मोठ्या कार्यक्रमांची जागा कंपनीच्या अ‍ॅपवर आरक्षण सुरू होताच पकडायची, हे काम त्यांना द्या. तक्ते आखणाऱ्या माणसाच्या हातात आरक्षण दिलं की दोन्ही बाजू सुखी. तुमच्या दोन गोष्टी आधी भरा. 'मला काय, काहीही चालेल' हे उत्तर बाद.

पहिल्या दुपारी सगळं जहाज बुफेवर तुटून पडतं. त्या वेळी मुख्य जेवणघर उघडं आहे का विचारा, किंवा मुलांना सरळ पाण्यात सोडा, तलाव रिकामा असतो. पण पोहण्याचे कपडे हातातल्या बॅगेत हवेत, कारण मोठ्या बॅगा धक्क्यावरच देऊन टाकायच्या असतात आणि त्या केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत कधीही येतात. सुती सलवार-कुर्त्यात तलावात उतरू देत नाहीत. बायकांसाठी पूर्ण बाह्यांचे, पायघोळ नायलॉनचे पोहण्याचे कपडे मिळतात, जाऊबाईंना आणि स्वतःला एकेक घ्या. उतरायचं की नाही ते तिथे ठरवा.

त्याच दिवशी सुरक्षेची कवायत असते. आपत्तीच्या वेळी कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं, सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे काय. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज खडकावर आपटून ३२ जण गेले. त्यात नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले. सासूबाईंनाही जमण्याची जागा प्रत्यक्ष दाखवा, आणि लिफ्ट बंद असताना त्यांना जिन्याने कोण धरून नेणार, ते नावासकट ठरवा. मुलगा आणि दीर, असं मी सुचवेन.

पेनांगला मात्र सगळ्यांनी उतरा. जॉर्ज टाउनचं स्वेटनहॅम बंदर अगदी शहराला चिकटून आहे, सहलीचं महागडं तिकीट घ्यायची गरज नाही. कॉर्नवॉलिसचा किल्ला चालत काही मिनिटांवर. तोच इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस, ज्याच्या बाजूने १७९०-९२ च्या युद्धात टिपूविरुद्ध तुमच्याकडचे परशुरामभाऊ पटवर्धन गेले होते. सांगली-तासगावच्या माणसाने इतक्या लांब येऊन ती पाटी वाचायला हवी. तिथून पुढे लिटल इंडिया: फुलांच्या माळा, तमिळ गाणी, केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवण, आणि क्वीन स्ट्रीटवर १८३३ पासूनचं महामरिअम्मनचं देऊळ. सासूबाईंना देवदर्शन घडतं, तेही परदेशात. मुलांना समुद्रात खांबांवर उभी असलेली चिनी कुळांची लाकडी वस्ती, च्यू जेट्टी, दाखवा. लोक अजून राहतात तिथे, त्यामुळे कोणाच्या घरात कॅमेरा घालायचा नाही. ऊन आणि दमट हवा मुंबईला मागे टाकते, आणि पाऊस कधीही. सकाळीच निघा, छत्र्या घ्या, सासूबाईंसाठी ग्रॅब या अ‍ॅपवरून टॅक्सी बोलवा.

फुकेतचं वेगळं. पातोंगला मोठी जहाजं बऱ्याचदा किनाऱ्यापासून लांब नांगर टाकतात आणि छोट्या होडीने नेतात. हलत्या होडीत पाय टाकणं सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपणारं नाही. त्यांनी जहाजावरच राहावं, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा एक मुलगा. हो, मुलगा, सून नव्हे. त्या दिवशी जहाज अर्धं रिकामं असतं, तलावाकाठची खुर्ची विनासायास मिळते. तुम्हाला किनाऱ्यावर जायचं असेल तर जा, नाहीतर त्याच जहाजाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या बसा. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा.

थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे आणि मोबाइल आपोआप बदलतो. जहाज कुठल्या वेळेवर चाललंय ते उतरताना विचारा आणि हातात साधं घड्याळ बांधा. जहाजाने नेलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपलं आपण गेलो असलो तर थांबत नाही.

कागदपत्रांत एकच गोष्ट लोक विसरतात: तुम्ही सिंगापुरात दोनदा शिरणार आहात, विमानाने एकदा आणि जहाजाने परत येताना एकदा. व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, बघून घ्या. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. मलेशिया आणि थायलंडसाठी काय भरायचं ते कंपनीकडून लेखी मागवा. एका देशाचा कागद कमी असला तरी धक्क्यावरूनच परत पाठवू शकतात. आणि मुंबईहून जहाजाच्या दिवशीच्या विमानाने निघू नका, आदल्या दिवशी पोचा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट धक्क्यावर मिळतात. दरवर्षी कोणीतरी सगळे कपडे त्यात भरतं आणि सकाळी नाइट ड्रेसवर इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहतं. तुमच्या घरात ते कोण असेल हे तुम्हाला ठाऊक आहे, त्याला आधी सांगा. बिलही त्याच रात्री टीव्हीवर किंवा अ‍ॅपवर तपासा, सकाळी रिसेप्शनला लांबच लांब रांग असते. परतीचं विमान दुपारनंतरचं घ्या. व्हीलचेअर धक्क्यावर मिळते, पण ती आधी नोंदवलेल्यांनाच वेळेवर मिळते. तेवढा एक फोन तुमच्या मुलाला करायला सांगा.